मुरगूडच्या तेलात शून्य रेघ

ता. ९ नोव्हेंबर १९७८, स. ७.४०
ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कारखान्यात एकटाच. तेल तपासायची काचनळी धूत होतो. शेजारी हायड्राइडच्या भुकटीचा डबा उघडा. हातावरचा थेंब भुकटीवर पडला. फेस आला नाही. दुसरा मुद्दाम टाकला. चुन्यासारखी नुसती भिजली.
पाणी लागले की उसळते म्हणून तर ही भुकटी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात टाकतो. तेलात जेवढा ओलावा, तेवढ्या रेघा गॅस नळीत चढतो. भुकटीच मेलेली असेल तर गॅस येणार कुठून?
वही काढली. ऑगस्टमध्ये ११ रेघा, सप्टेंबर ७, दसऱ्याला ३, परवा शून्य. मी समजत होतो, आपण तेल चांगले गाळतो. मालक अण्णांनी गिऱ्हाइकासमोर पाठ थोपटली होती. झाकणाचे मेण पावसाळ्यात फुटले, ते मी पुन्हा लावले नाही; दमट हवेनेच भुकटी मारली.
परवाचा ट्रान्सफॉर्मर मुरगूडला गेला. पाणी उपसा संस्थेचा. 'तेल कोरडे आहे' या दाखल्यावर सही माझी.

त्याच दिवशी, दुपारी
बाबूराव मिस्त्रींना सांगितले. ते जुन्या रीतीने तापलेली सळई तेलात बुडवून तडतड ऐकतात. "म्या ऐकलंय की. गप हुतं तेल. तुझ्या पावडरीला इचारून ट्रान्सफॉर्मर चालत न्हाय."
पण ओलावा थोडा असला तर सळई गप्पच राहते. त्यांनाही ठाऊक आहे.
"अण्णास्नी सांगू नगंस. पयलं तुला हाकलतील, मग मला."
सांगितले नाही. 

ता. १०
सांगितले. अण्णांनी वही पहिल्यापासून चाळली. "म्हंजे मी लोकास्नी ही वही दाखवत फिरलो, ती..." वही मिटली. सप्टेंबरपासूनच्या सगळ्या ट्रान्सफॉर्मरचे तेल पुन्हा तपासायचे ठरवले. नवा डबा मुंबईहून यायला आठ दिवस.
"मुरगूडला तू जा. चालू करू नका म्हणावं. का, ते तूच सांग."

ता. ११
पहिल्या एस.टी.ने मुरगूड. पंपघरावर तारा जोडून तयार. दहा-बारा शेतकरी नारळ घेऊन उभे. ऊस तीन आठवडे पाण्यावाचून. संस्थेच्या सेक्रेटरींना सगळे सांगितले.
"मग पावणं, तेल वाईट हाय?"
"माहीत नाही."
"चांगलं हाय?"
"माहीत नाही."
"मग आलाय कशाला, च्या प्यायला?"
सगळे हसले. सेक्रेटरींनी दाखला काढला, पेन पुढे केले. "वाईट हाय म्हणून लिवा. थांबतो."
तसे लिहिता येईना. 'तेल कोरडे आहे' यावर काट मारली. खाली लिहिले : तपासलेले नाही. सही, तारीख, वेळ १०.२५.
त्यांनी दोनदा वाचले. एक म्हातारा म्हणाला, "जळालं तर दोन म्हैनं बोंबला."
"आन न्हाई जळालं तर आज पाणी," दुसरा.
मला बाहेर काढून दार लावले. पायरीवर बसून लिहितो आहे. आत आवाज चढलेले. नारळ अजून न फोडता माझ्याशेजारी पायरीवरच आहे.
दु. १.१०. पंप सुरू झालेला नाही.