टेबल सोडताना

प्रिय तेंग,

फाँगमावशी परवा येऊन गेली. बदामाची बिस्किटं घेऊन आली आणि सोबत तुझी बातमीही. तिच्या पोटात काही राहत नाही हे माहीत असूनही तू तिला सांगतेस, म्हणजे ते मला कळावं अशीच तुझी इच्छा असणार, असं मी धरून चालते. समोरच्या भरावावर नवा कॅसिनो उभा राहतोय, त्यातल्या नोकरमाणसांच्या विश्रांतीच्या भागाचे नकाशे काढायचं काम तुमच्या लिस्बनच्या कचेरीकडे आलंय आणि ते तू करावंस असं तुझ्या साहेबांचं म्हणणं आहे. तू अजून हो म्हटलेलं नाहीस, शुक्रवारपर्यंत सांगायचंय. हे ऐकताना मी मावशीला चहा द्यायचा विसरले. तिने तो स्वतःच उठून करून घेतला.

तुझ्या बाबांचा सगळा दिवस आता गॅलरीत जातो. जन्मभर बांबूच्या परांच्या बांधलेला माणूस, समोर लोखंडी नळ्या चढताना बघून त्यांचं तोंड कडू होतं. हा पिंजरा कशाला, आत वाघ ठेवणार आहेत का, असं दिवसातून एकदा तरी म्हणतात. पण मागच्या आठवड्यात सगळ्यात वरचा मजला पुरा झाला, तिथे रिवाजाप्रमाणे भाजलेलं डुक्कर कापलं, आणि तिथेच कामावर असलेल्या क्वॉककाकांनी कुरकुरीत कातडीसकट मोठा तुकडा घरी आणून दिला. यांनी तो मिटक्या मारत खाल्ला आणि बोटं पुसत निकाल दिला की डुक्कर इतकं नीट भाजलंय म्हणजे इमारतही नीट बांधली असणार. मी हसले, तर म्हणाले, लेकीला कळव. म्हणून कळवते आहे.

माझ्या कामाबद्दल मी तुला कधी फार सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. पत्ते वाटायचं काम इथे बाहेरच्या माणसाला मिळत नाही, कायद्याने ते आपलंच. त्यामुळे आपल्या गल्लीत घरटी एक तरी माणूस कुठल्यातरी टेबलामागे उभं असतं, पण त्याचा डांगोरा कोणी पिटत नाही. मी आज पिटणार आहे. माझ्या टेबलावर पत्ता कधी चुकीच्या माणसापुढे गेला नाही. लोक पत्त्यांवर फुंकर मारायचे, कोपरा मुडपून आत डोकवायचे, आणि हवा तो पत्ता निघाला नाही की माझ्या तोंडाकडे बघून मला अपशकुनी म्हणायचे. मी पुढचा पत्ता तेवढ्याच हलक्या हाताने सरकवायची. पाळी संपली की एक टाळी वाजवायची, दोन्ही हात छतातल्या कॅमेऱ्याला उलटसुलट करून दाखवायचे, काही लपवलेलं नाही म्हणून, आणि मगच टेबल सोडायचं. ही सवय अंगात इतकी मुरली की घरी भात वाढून झाला तरी मी छताला तळहात दाखवायची, आणि तुझे बाबा म्हणायचे, "बघितलं, बघितलं. बस आता जेवायला."

याच सवयीने तुझी फजिती केली, आठवतंय ना? शाळेत तू सांगून ठेवलं होतंस की आई बँकेत आहे. मी कूबाईंना भेटायला आले, चांगली निळी कुडती घालून, अगदी बँकेतली दिसावी अशी. तुझ्या गणिताचं कौतुक ऐकलं, उठले, आणि टाळी वाजवून बाईंना दोन्ही तळहात दाखवले. बाई बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे हेसुद्धा घरी असंच करतात." तू कानापर्यंत लाल झालीस. वाटेत मी घेऊन दिलेला मांसाचा पाव तसाच हातात धरून घरी आणलास. मला तुझा राग आला नव्हता. थोडं वाईट वाटलं, कारण लाज वाटावी असं माझ्या हातात काही नव्हतं आणि तेच तर मी रोज दाखवत होते. नंतर लिस्बनला तुला इमारती आखायची पदवी मिळाली, तेव्हा काळ्या झग्यातला तुझा फोटो मी कामावरच्या कपाटात दाराच्या आतून चिकटवला. विश्रांतीच्या खोलीत जो येईल त्याला ओढून नेऊन दाखवायची. शेवटी शेवटी लोक मला चुकवायला लागले.

ती खोली तू पाहिलेली नाहीस. ती तळघरात होती. चारी बाजूंना भिंती, दुखऱ्या पायांना चोळायच्या तेलाचा आणि शेवयांचा वास, आणि दिवसभर तेच पांढरे दिवे. नवं कोणी पाळीवर आलं की आम्ही आधी विचारायचो, "बाहेर ऊन आहे का ग?" एकदा मोठं वादळ गावावरून गेलं आणि आम्हांला त्याचा आवाजही आला नाही. बाहेर पडले तर वडाची झाडं रस्त्यात आडवी झालेली, आणि तुझे बाबा मोडक्या छत्रीचा सांगाडा धरून दारात उभे. वर खेळणाऱ्यांना वेळेचं भान राहू नये म्हणून खिडक्या ठेवत नाहीत, हे मला समजत होतं. खाली आम्हांला का नाही, हे मात्र कोणाला विचारावं तेच समजायचं नाही.

तू मावशीला म्हणालीस म्हणे, "ज्या जागेने आईची पाठ मोडली, तिच्यासाठी मी एक रेघ ओढणार नाही." मावशी गेल्यावर मी रडले. माझ्यासाठी माझी मुलगी एवढं मोठं काम सोडायला निघाली, याचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण पाठ माझी आहे आणि ती मोडलेली नाही, दुखते फक्त. आता माझी बातमी ऐक, ती मावशीलाही मी सांगितलेली नाही. नव्या कॅसिनोत पोरापोरींना पत्ते वाटायला शिकवण्यासाठी त्यांना माझ्यासारखी, काम सोडून घरी बसलेली जुनी माणसं हवी होती. मला बोलावलं, पत्त्यांचा जोड हातात दिला. माझे हात काहीच विसरले नव्हते. मी होकार देऊन आले आहे. इमारत उघडली की मी रोज तिथे असणार, आणि ज्या खोलीसाठी तू रेघ ओढणार नाहीस, त्याच खोलीत मी डबा खाणार. तू नाही म्हणालीस तर ती दुसरं कोणी काढेल, आणि ज्याची आई तसल्या खोलीत कधी बसली नाही, तो ती पुन्हा तळघरातच काढेल. तेव्हा तू काढ. जेवायच्या टेबलाजवळ एक खिडकी ठेव, आपल्या गॅलरीच्या बाजूला. बाबा इथून हात हलवतील म्हणतात. मी तिथून टेबल सोडताना त्यांना दोन्ही तळहात दाखवीन.

तुझीच,
बँकेत कधीच नसलेली,
आई