जकातनाक्यातल्या तेवीस मुलांची पाहणी

पनवेल,
ता. ९ एप्रिल १९५८

तीर्थस्वरूप वेणूताईस,

धाकट्या काशिरामचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? साताऱ्याला पहाटे अजून गारवा असेल, तेव्हा मोजे घालून फिरत जा. कोणी हसले तर हसू दे (अर्थात मुलींच्या शाळेत तुझी हेडबाई म्हणून कारकीर्द पाहिलेला माणूस हसणार नाही). माझी प्रकृती उत्तम आहे. खोकला होता तो गेला. दाढ दुखत होती तीही गेली, म्हणजे दाढच गेली.

मागच्या पत्रात तू विचारले होतेस की, 'तू मुलांना सांभाळतोस की मुले तुला?' हा प्रश्न मला लागला, ताई. ज्याने स्वतःचा संसार थाटला नाही त्याने दुसऱ्यांची पोरे सांभाळू नयेत असा कायदा अजून झालेला नाही. त्यातून गेल्या आठवड्यात आमच्या वर्गाची अलिबागहून सरकारी पाहणी झाली. तिची हकिगत वाचलीस की तू आपले शब्द मागे घेशील अशी मला खात्री आहे.

आमचा वर्ग कसा निघाला हे तुला मी अर्धेच कळवले होते. उन्हाळ्यात इथल्या शाळा सकाळच्या. अकराला घंटा झाली की पोरे मोकळी, आणि आया मिठागरावर किंवा भातगिरणीत, त्या परतणार दिवेलागणीला. मधले सात-आठ तास पोरे तळ्याकाठी उंडारायची. गेल्या वर्षी मिठागरावरच्या भामाचा शिवा तळ्यात पडला आणि मी उडी मारून त्याला काढला हे तुला ठाऊक आहे. (पाणी माझ्या कमरेइतके होते, हे त्या वेळी लिहायचे राहिले.) पण त्या पोराने माझ्या गळ्याला जी मिठी मारली ती घरी येईपर्यंत सोडली नाही, आणि मग मला काही सुचेना. मिठाच्या खात्यात जन्म घालवला, हजारो गोणी मोजल्या, पण एकाही गोणीने कधी माझ्या गळ्याला मिठी मारली नव्हती. पंधरा दिवसांत मी बंद पडलेल्या जकातनाक्याची खोली मागून घेतली. शेजारच्या भीमाबाईंना हाताशी घेतले, आणि शाळा सुटल्यावरचा वर्ग सुरू झाला. आज पटावर तेवीस मुले आहेत. हातपाय धुणे, जेवण, गोष्ट, पाढे, खेळ, सगळे वेळच्या वेळी.

आता चांगले काम म्हटले की त्याला दृष्ट लागायचीच. आमच्या समोर भगवान दोरीवाला राहतो. त्याला दुपारी तीन तास झोप लागते, आणि तेवीस मुलांनी सतराचा पाढा एका सुरात म्हटला की ती उडते. त्याने अलिबागला निनावी कार्ड टाकले. (निनावी कसले, मजकूर त्याच्याच सुतळीच्या जाहिरातीच्या कार्डावर लिहिला होता.) मजकूर असा की, मुलांची हेळसांड होते, मुले मोकाट असतात, आणि चालक झोपा काढतो. यावर अलिबागच्या सरकारी समितीच्या चौबळबाई गुरुवारी पाहणीला येतील, आणि हेळसांड आढळली तर खोली परत घेतली जाईल, असे पत्र आले.

मी जय्यत तयारी केली. सतरा नियम लिहून भिंतीला लावले. मुलांकडून स्वागतगीत बसवून घेतले. भीमाबाईंना नवे लुगडे नेसायला सांगितले, तर त्या म्हणाल्या, "बाई पोरांना बघाया येत्यात का माझ्या लुगड्याला?" त्यांना शिस्तीचे महत्त्व कळत नाही.

आणि चौबळबाई बुधवारीच आल्या. दुपारी सव्वादोनला.

त्या वेळी मी जरा डोळे मिटून पडलो होतो. (विचार करत होतो.) डोळे उघडले तो चटईवर एक अनोळखी पोक्त बाई मुलींच्यात बसून सागरगोटे खेळत होती, आणि हरत होती. महमूद विडीवाल्याची आठ वर्षांची गुलशन माझ्या डोक्याशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती आणि सगळ्यांना 'शू' करत होती. मला वाटले, कोणा मुलाची मावशी वेळेआधी न्यायला आली. मी ताडकन उठलो आणि विचारले, "आपलं मूल कोणतं?"

बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "हा शिवा. मी त्याला न्यायला आले आहे."

"भामाबाईंनी पाठवलंय?"

"हो."

"चिठ्ठी आहे? निदान शिवा तरी तुम्हाला ओळखतो?"

शिवाने मान हलवली, नाही म्हणून. तेवढ्यात भीमाबाई केरसुणीसकट दारात येऊन उभ्या राहिल्या. "वळखीबिगर पोर या दारातून जायाचा नाय," त्या म्हणाल्या. "तुमी राजाची राणी असा, बसा पानी प्या. पोर मिलायचा नाय." मीही, तोंडावर उशीचे वळ घेऊन, माझा सहावा नियम खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

बाईंनी पिशवीतून वही काढली आणि त्यावरचा शिक्का दाखवला. ताई, माझे काय झाले ते विचारू नकोस. स्वागतगीत म्हणायला मी मुलांना खूण केली, तर त्यांनी सतराचा पाढा सुरू केला. समोर भगवानची खिडकी धाडकन बंद झाली.

सतरा पाचे पंच्याऐंशीला शिवा रडू लागला. त्याने नाकात चिंचोका घातला होता, आणि तो आत पार वर गेला होता. मी त्याला उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. डॉक्टर आणा, पाणी आणा, असे मी दोन्ही एकदम ओरडलो असे मुले सांगतात. भीमाबाईंनी मला खांद्याला धरून बाजूला केले. पोराला मांडीत घेतले, म्हणाल्या, "रडू नको माज्या वाघा, त्वांडानी श्वास घे," आणि दुसऱ्या नाकपुडीशी चिमूटभर तपकीर नेली. शिवाला अशी शिंक आली की चिंचोका सुटला तो थेट चौबळबाईंच्या वहीवर पडला. तिथे त्यांनी नुकतेच 'आरोग्य' एवढे लिहिले होते.

बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. ते गुलशनने दिले, न सांगता, भांडे विसळून. (आठवा नियम.)

मग त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या. मुलांशी माझ्या पाठीमागे बोलल्या, नखे पाहिली, माठ पाहिला. दिवेलागणीला भामा आली, पोटऱ्यांपर्यंत मिठाने पांढरी, टाचा फुटलेल्या. बाईंनी तिला विचारले, इथे मुलाची देखभाल कशी होते? भामा घाबरली, पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "बाय, मी मिठात उबी आसतो तवा पोर कुठं आसंल याचा घोर माज्या जिवाला नसतो. मला येवढाच ठावा हाय. आनखी काय सांगू?"

चौबळबाईंनी वही पुन्हा उघडली. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो, कारण डोळ्यांत काहीतरी गेले होते. मग त्यांनी शेरा लिहिला. तो मी चौकट करून लावणार आहे: 'अनेक संस्था पाहिल्या. मुलांची इतकी मायेची देखभाल क्वचित आढळली.' आता बोल, ताई! गावात मी हल्ली जरा छाती काढूनच चालतो. भगवानलाही मी हा शेरा वाचून दाखवला. तो ऐकून घरात गेला आणि मुलींसाठी उड्या मारायची दोरी घेऊन बाहेर आला. माणूस वाईट नाही, झोपेचा कच्चा आहे.

मुलांचे तुला नमस्कार. प्रकृतीस जपावे.

तुझा आज्ञाधारक,
काशिराम

ता. क. स्वागतगीत अजून कोणालाच म्हणून दाखवलेले नाही. मुले तयारीत आहेत.

ता. क. दुसरा. शेरा मी वर अर्धाच उतरवला, कारण कागद संपत आला होता. पुढचा भाग असा: 'याचे श्रेय मुख्यतः भीमाबाईंना आहे. चालक प्रेमळ आहेत; त्यांची देखभाल मुले उत्तम करतात. मात्र चालक झोपलेले असताना पट, औषधे व अभ्यास पाहणारी एक अनुभवी शिक्षिका महिन्याभरात नेमावी, अन्यथा खोलीबाबत फेरविचार करावा लागेल.'

ता. क. तिसरा. महिन्यातला एक आठवडा गेला. अशी शिक्षिका मला साऱ्या जगात एकच माहीत आहे. चौबळबाईंना मी तुझे नाव देऊन टाकले आहे. भीमाबाईंनी आतली खोली सारवली आहे, आणि गुलशन विचारत होती की मोठ्या बाई मारतात का. मी नाही म्हणून सांगितले. लवकर निघ, ताई.