दुधाच्या दातांचं खातं माझ्याकडे

४ फेब्रुवारी
आजपासून जुळ्यांच्या दातांचं खातं माझ्याकडे. घरात जाहीर केलं. कोणी दखल घेतली नाही. बायकोचा भाऊ डेंटिस्ट, म्हणून आम्ही दातांविषयी बोलायचंच नाही? त्याचा फोन आला: दात नसले तरी ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. अरे, घर बांधायच्या आधीच फरशी पुसायची? दिवसभर लोकांच्या तोंडात बघून डोकं फिरणारच.

११ फेब्रुवारी, सकाळ
दोघांची लाळ गळतेय. थोरलीला सणसणून ताप. दात येताहेत, असं निदान केलं. मेहुणा म्हणे, दातांनी एवढा ताप येत नाही, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. मुद्दाम विरोध.

संध्याकाळ
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान दुखतोय. ठीक आहे. कान आणि दात शेजारी. मी फक्त एक घर चुकलो.

२ मार्च
चावायचं रबरी कडं फ्रिजमध्ये गार करा, असा मेहुण्याचा सल्ला. मी थेट फ्रीझरमध्ये टाकलं. करायचं तर पुरतं. दगड झाला. धाकट्याने तो माझ्या भुवईवर हाणला. पोरगं आजोळच्या वळणावर गेलंय.

१९ मार्च
धाकट्याचा पहिला दात! मीच शोधला. बोट घालून. बोट ठणकतंय.

६ सप्टेंबर
बायको नोकरीवर परत. झोपवायचं काम माझं. युक्ती सापडली: दोघांच्या तोंडात दुधाची बाटली, दिवा बंद. मेहुणा म्हणतो, बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, दात किडतात. दुधाने दुधाचे दात किडतात? नावातच दूध आहे! आणि पडणारच आहेत की. चालू ठेवलंय. बायकोला बोललो नाही. उगाच कशाला?

२७ नोव्हेंबर
मेहुणा आला. थोरलीचा ओठ वर करून पाहिला. मग धाकट्याचा. हिरड्यांलगत पांढरे पट्टे. कीड लागायची सुरुवात, म्हणे. आत्ता सांभाळलं तर थांबेल. झोपताना बाटली बंद, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, दोन वेळा ब्रश. बायकोने माझ्याकडे वळून विचारलं, झोपताना बाटली? मी म्हणालो, तुमच्याच घराण्याचे दात. ती उठून आत गेली. अजून बोलत नाही.

३० नोव्हेंबर
दात घासायला घेतले. दोघांचे ओठ शिवल्यासारखे. गाणं म्हटलं, दटावलं, हात जोडले. धाकट्याने ब्रश कमोडमध्ये टाकला. संतापाने दातओठ खाल्ले. दाढेचा तुकडाच हातात आला.

१ डिसेंबर
सुट्टी. बाकी सगळे दवाखाने बंद. मेहुण्याच्या खुर्चीत आ वासून पडलो. बायको जुळ्यांना घेऊन शेजारी. माझ्या तोंडात नळी, म्हणून बोलण्याचा मक्ता त्याच्याकडे. म्हणाला, "भाऊजी, दाढ बरी होती हो, राग जास्त झाला." सुई पाहून मी रडलो नाही. डोळ्यांत पाणी आलं एवढंच.

तेवढ्यात माझं बघून दोघांनी आ केला. मोठ्ठा. मेहुण्याने तिथल्या तिथे दोघांचे दात घासून टाकले. म्हणाला, रोज भाऊजींनाच समोर बसवत जा. बायको हसली.

सडेतोड उत्तर तयार होतं. पण अर्धं तोंड बधिर. नुसती लाळ गळली. थोरलीने गळ्यातलं लाळेरं ओढून माझी हनुवटी पुसली.