शेजारची सीट

प्रिय भिंगरी,

दुकानाचं शटर अर्धं ओढून, कापड कापायच्या टेबलावर कागद पसरून बसलोय. दुपारचे तीन वाजलेत. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी काय करतो ते तुला माहीत आहे. जेवलीस का विचारतो, जावईबापू बरे आहेत का विचारतो आणि ठेवून देतो. अकरा वर्षं हेच चाललंय. आज त्या रविवारबद्दल लिहायचंय. आई तुझ्यामुळे गेली असं तू मनात पक्कं धरून बसली आहेस. ते खोटं आहे, आणि खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हे वाचून पत्र टाकून देऊ नकोस. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. आई म्हणायचीच, ह्यांना समोरच्या घरी जायचं असलं तरी हे गावाला वळसा घालून जातील.

आधी गाडीचं सांगतो, कारण दर फोनला तू तेच विचारतेस, ती अजून भंगारात का दिली नाही. नाही दिली. दुकानामागच्या शेडमध्ये आहे, कापडाखाली. ती आपल्याकडे आली कशी, आठवतं? दातांच्या डॉक्टरांनी सीट शिवायला आणून दिली आणि माझं काम होईस्तोवर त्यांना जुळं झालं. गाडीत सीट दोन आणि घरात माणसं चार. बिचारे हताश होऊन मलाच म्हणाले, तुम्ही घेता का? मी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांत उकिडवा बसून टाके घालणारा माणूस. मी कशाला नाही म्हणतोय! आईला न विचारता घेऊन आलो. आपण तिघं आहोत हे मला घराच्या दारात आल्यावर आठवलं.

पण दिसायला काय होती ती! गडद हिरवी, नाकापासून शेपटीपर्यंत एकच रेघ, कुठे सांधा म्हणून दिसायचा नाही. चालू केली की आवाज कानांआधी पाठीला कळायचा. वळणावर अशी जमीन धरून राहायची की हात सोडून द्यावेसे वाटायचे. सिग्नलला थांबलो की बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघायची, आणि मी सीट शिवणारा माणूस, जन्मापासून असल्याच गाड्या चालवत असल्यासारखा मान ताठ करून समोर बघायचो. दोष काढायला बसलीस तर मात्र दिवस पुरणार नाही. डिकीत एक बॅग ठेवली की दुसरी मांडीवर घ्यायची. इंजिन पाठीमागे, त्यामुळे उन्हाळ्यात चुलीला पाठ लावून बसल्यासारखं व्हायचं. घडीच्या छताच्या कोपऱ्यातून पाणी गळायचं ते नेमकं माझ्याच खांद्यावर. प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं आणि आई आपलंच पोट धरून डोळे मिटायची. आणि बुटकी तर इतकी की आईला उतरवताना दोन्ही हात धरून ओढावं लागायचं. मला काय विहिरीतून काढताय का, असं ती भर रस्त्यात ओरडायची. आपण हसायचो. बुटक्या गाडीचा खरा दोष काय असतो ते तेव्हा कळलं नव्हतं.

सर्वांत मोठी खोट म्हणजे ती शेजारची एकच सीट. एक रविवार तुझा, एक रविवार आईचा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तुझ्या दिवसाला गोल आणि तिच्या दिवसाला फुली. ज्याची पाळी नसेल त्याने दारात उभं राहून हात हलवायचा. मला त्यात गंमत वाटायची. आता वाटतं, घरात तिघं असताना असली गाडी आणणं म्हणजे दर आठवड्याला कुणातरी एकाला मागे ठेवून जाणं. ते तुम्ही दोघींनी हसत सोसलंत आणि मी एकदाही मागे राहिलो नाही. गाडी चालवणारा मीच ना.

तुला 'सासूबाई' आठवतात का? शेजारी बसणाऱ्याने पट्टा लावला नाही की गाडीतून टिंग टिंग वाजायचं. तू लहानपणापासून शिस्तीची, बसल्याबसल्या पट्टा ओढायचीस. आई कधीच नाही. आधी ओढणी सावरायची, मग आरशात बघायची, मग पर्स कुठे ठेवायची त्यावर दोन मिनिटं विचार. टिंग टिंग सुरू झालं की म्हणायची, आल्या सासूबाई, बूड टेकलं नाही तोच टोकायला लागल्या! मग पट्टा लावायची. तो आवाज झाला नाही तर तिला पट्टा आठवतच नसे. हे तुला माहीत होतं आणि मलाही. मलाही, हे नीट वाच.

तो आवाज अजून येतो. वर्षातून दोनचार वेळा इंजिन अडकू नये म्हणून गाडी बाहेर काढतो. गल्लीच्या टोकाशी पोचलो की टिंग टिंग. शेजारी कुणी नाही, पर्ससुद्धा नाही. कारण मला तोंडपाठ आहे. सीटच्या कातड्याखाली वजन ओळखणारी एक चटई असते, ती जुनी झाली की सीट रिकामी असतानाही कुणीतरी बसलंय असं गाडीला वाटतं. चटई बदलायला तासाभराचं काम, आणि हे काम ह्या भागात माझ्याइतकं चांगलं कुणाला येत नाही. पण नाही बदलत. गाडी कडेला घेतो, वाकून शेजारचा पट्टा ओढतो, रिकाम्या सीटवरून लावतो आणि पुढे जातो. मग सगळं गप्प. पहिल्यांदा असं झालं तेव्हा स्टेअरिंगवर डोकं टेकून मी इतका रडलो की मागच्या रिक्षावाल्याने उतरून काच वाजवली. मला भीती वाटते गं, ह्या गाडीची. आणि तिच्यात बसल्याशिवाय राहवतही नाही.

आता तो रविवार. कॅलेंडरवर गोल होता, पाळी तुझी होती. आदल्या दिवशी तू बंपर खरचटून आणला होतास आणि मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो होतो. तू जिन्यात बसून राहिलीस, म्हणालीस, आईलाच न्या, मला नाही यायचं. आई तर लहान मुलीसारखी खूश झाली. सलग दोन रविवार! तिने ती पिवळी ओढणी घेतली, तुझ्या केसांवरून हात फिरवला आणि खाली आली. तू दारात आलीस पण हात हलवला नाहीस. तेही तू मनाला लावून घेतलंस, मला माहीत आहे. तिने काहीच मनावर घेतलं नव्हतं. वळणापर्यंत ती तुझंच बोलत होती, पोरगी माझ्यावर गेली, फुगली की आठवडाभर उतरायची नाही, म्हणून हसत होती.

पुढचं तू पोलिसांच्या कागदात वाचलं आहेस. गोदामाच्या फाटकातून पाण्याचा टँकर मागे मागे येत होता. त्याच्या आरशात आपली गाडी दिसलीच नाही, इतकी ती बुटकी. माझा वेग फार तर तीस असेल. मी करकचून ब्रेक दाबला. मला पट्ट्याने धरून ठेवलं. आई पुढे गेली. काचेची चौकट त्या गाडीत अगदी कपाळापाशी येते. कागदात लिहिलं होतं की शेजारच्या व्यक्तीने पट्टा लावला नव्हता, आणि त्याची सूचना देणारी यंत्रणा व्यवस्थित चालू होती. लोक म्हणाले, बाईमाणूस हट्टी, घंटी वाजत असूनही ऐकलं नाही. टँकरवाल्याची नोकरी गेली. आणि तू म्हणालीस, माझी पाळी होती.

भिंगरी, घंटी वाजली नव्हती. आम्हा सीट शिवणाऱ्यांची एक पद्धत असते. सीट बाहेर काढायची तर आधी तिच्या खालचा घंटीच्या वायरचा प्लग सोडवायचा, आणि सगळं शिवून बसवून झालं की अगदी शेवटी तो जोडायचा. त्या आठवड्यात आई म्हणाली होती, मांडीखाली एक शिवण टोचते. मी शनिवारी सीट काढली, शिवण उसवली, निम्मी घातली. रविवारी फेरी चुकायला नको म्हणून सीट तात्पुरती बसवली. सोमवारी परत काढायचीच होती, म्हणून प्लग तसाच लोंबत ठेवला. हजार गाड्यांना असं केलं असेल. तिच्याच मांडीला टोचू नये म्हणून काढलेली सीट. ती बसली, ओढणी सावरली, आरशात बघितलं, पर्स पायाशी ठेवली आणि बोलत राहिली. मला त्या शांततेत काहीतरी खटकलं होतं. पण तुझ्यावरचा राग उतरला नव्हता, मी त्याच तंद्रीत होतो.

ह्याच्यापुढचं कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी पोलिसांच्या आवारात उभी होती, तपासणी व्हायची होती. मी आईची पर्स आणायला गेलो. दार उघडलं, पर्स उचलली आणि माझा हात सीटखाली गेला. प्लग सापडला. जोडला. खट्कन आवाज झाला. हवालदार चार हात अंतरावर उभा होता, त्याने मला पाणी हवंय का विचारलं. मी नको म्हणालो. मी घाबरलो होतो, की मनातल्या मनात कालचं काम आज पुरं करत होतो, हे मी आजवर स्वतःला विचारतोय. उत्तर काहीही असो, त्या एका खटक्याने दोष आईवर गेला, टँकरवाल्यावर गेला, आणि उरलेला तू उचललास.

तू कितीदा म्हणालीस, मी बसले असते तर पट्टा लावला असता, काही झालं नसतं. हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण तो प्लग जोडलेला असता तर आईनेही लावला असता. रुसणं हा काही गुन्हा नाही, सतरा वर्षांच्या मुली रुसतातच. तेराव्या दिवशी तू माझ्या कुशीत येऊन तेच म्हणालीस, तेव्हा मी तुझ्या पाठीवर थोपटत राहिलो आणि म्हणालो, असं बोलू नये. एवढंच. खरं सांगायची ती वेळ होती. मी तुझ्या आड लपलो. बाप असून लपलो. नंतर तू दूर राहायला गेलीस, गाडीत कायम मागेच बसायला लागलीस, स्टेअरिंगला पुन्हा हात लावला नाहीस, हे सगळं मी पाहिलं आणि जेवलीस का विचारत राहिलो. टँकरवाल्याकडेही जाणार आहे. बाजाराच्या तोंडाशी तो पंक्चर काढतो, मी ती वाट टाळतो. पण आधी तुला सांगतोय.

हे आजच का, असं तुला वाटेल. मागच्या महिन्यात तुझी छोटी आठ दिवस माझ्याकडे होती ना, तेव्हा एकदा ती शेडमध्ये आली. मी हौसेने कापड बाजूला केलं आणि म्हणालो, ये, बस. ती मागे सरकली. म्हणाली, नको, आईने तिच्या जागी आजीला ह्याच गाडीत पाठवलं होतं, म्हणून आजी गेली. मी विचारलं, कुणी सांगितलं तुला? म्हणाली, आईनेच. मग जवळ येऊन तिने माझं बोट धरलं आणि हळूच म्हणाली, आजोबा, तुम्ही आईवर रागावू नका, ती तेव्हा मोठी नव्हती. सहा वर्षांची पोर तुझ्यासाठी माझी माफी मागत होती, आणि मी तिच्यासमोर उभा राहून म्हणालो, नाही गं रागावत. भिंगरी, हे पत्र तिला वाचून दाखव. प्लगचं वाच, हात सीटखाली गेला तेही वाच, काही गाळू नकोस. मग ती माझं बोट धरणार नाही कदाचित. न धरू दे. पण तुझ्यासाठी तिने पुन्हा कुणाकडेही माफी मागता कामा नये.

तुझाच,
बाबा