बोळातला जिना आणि माझी गैरहजेरी

९ जानेवारी
परत कोर्ट. अंगणवाडीची किल्ली मदतनीसबाईकडं देऊन सकाळच्या काळी-पिवळीनं तालुक्याला गेले. आत टेबलं तीन, माणूस एक. त्या क्लार्कचं नाव मला अजून माहीत नाही, मी त्याला खिडकीच म्हणते. खिडकी वर न बघता म्हणाली, साहेब रजेवर, तारीख घ्या. घेतली. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं पण नाही.

शेजारच्या दिगंबरचा जिना आहे तिथंच. लोखंडी, वरून हिरवा रंग, आमचा निम्मा बोळ खाऊन उभा. त्याला वरच्या खोल्या भाड्यानं द्यायच्यात ना. ह्यांची चाकाची खुर्ची एका वितीनं अडते. दुसरी वाट नाही. जन्मभर देगलूर रोडला काळी-पिवळी चालवलेला माणूस, आता खाटेवरून भिंत बघून राहिला.

२२ जानेवारी
दिगंबरची बायको नळावर भेटली. म्हणे, उचलून नेत जा की भाऊजींना, चार माणसं काय कमी आहेत तुम्हाला? ह्यांना लकवा झाला तेव्हा हीच डबा घेऊन आली होती, म्हणून गप्प बसले. नाहीतर घागर घातली असती डोक्यात.

ह्यांचं एकच. "पोत्यावानी उचलू नका मला. खुर्ची जाईल तवा जाईन." अन् चौदा एप्रिलला रस्त्यावर पाहिजे. मिरवणुकीत बाबासाहेबांच्या फोटोची गाडी दरसाल हेच चालवायचे. मागच्या साली दवाखान्यात होते. यंदा चालवायची नाही तर निदान बघायची.

६ फेब्रुवारी
डोकं ठिकाणावर नाही, तरी लिहून ठेवते.

निकाल लागेपर्यंत जिना काढून ठेवा, हा आमचा अर्ज आज चालणार होता. वकीलसाहेबांना दुसऱ्या कोर्टात काम. मला म्हणाले, पुकारा झाला की उभ्या राहा, वकील येऊन राहिलेत म्हणा. बरं म्हटलं. खिडकीत चौकशीला गेले तर अर्जाला कोर्ट फीचं तिकीट कमी. खाली स्टॅम्पवाल्याकडून आणा. मी विचारलं, तेवढ्यात पुकारा झाला तर?

"तुमचं जेवणानंतर निघतं. आरामात जा."

गेले आरामात. खाली ही रांग. वर आले तर दारावरचा शिपाई म्हणतो, तीनदा नाव पुकारलं बाई, कुणीच न्हाई आलं. दावा काढून टाकला. वादी गैरहजर.

तिकीट हातातच राहिलं.

खिडकीला कळलं तेव्हा त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मी ते पाणी प्याले, ह्याचा आता राग येतोय.

७ फेब्रुवारी
अं.वाडीत हजेरी घेतली. एखादं शेंबडं भिंतीआड मुतायला गेलेलं असलं तरी मी त्याला गैरहजर लिहीत नाही. येईपर्यंत थांबते. आम्हाला पगार नाही, मानधन आहे, पण एवढी अक्कल आहे.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तू तर तिथंच होतीस ना?"

होते ना. तिथंच होते.

२० फेब्रुवारी
वकीलसाहेब म्हणतात, दावा परत फाईलवर घ्या असा अर्ज करू. त्याच्यात कारण लागतं. तुम्हाला खाली कुणी पाठवलं ते त्या माणसानंच सांगितलं तर बरं.

गेले खिडकीपाशी. हात जोडले, काय करता. त्यानं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "ताई, मीच पाठवलं असं लिहून देऊ का मी? दोघांचं काम एकटा ओढतो. रिटायरला थोडं राहिलंय." अन् वर अर्जाला काय काय जोडायचं, कुठं सही राहिली, ते सगळं नीट समजावून दिलं. पैसे मागत नाही, खेकसत नाही. खाणारा असता तर खाऊन काम तरी केलं असतं. ह्या भल्या माणसाचं करायचं काय?

५ मार्च
आमच्या अर्जावर दिगंबरच्या वकिलाचं म्हणणं यायचंय. तारीख. कँटीनपाशी दिगंबर म्हणाला, वहिनी चहा घ्या. बेशरम. घेतला नाही. नंतर एस.टी.त चहाचीच तलफ आली.

२४ मार्च
दावा परत फाईलवर घेतला. मात्र दिगंबरला खर्च द्यायचा, मी आले नाही म्हणून त्याला त्रास झाला. व्वा. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, आज त्या पावतीसकट मिळाल्या.

जिन्याचा अर्ज ८ एप्रिलला. लागला निकाल तर मिरवणुकीला वाट मोकळी.

७ एप्रिल
ठरवलं. कागद बघून कुणाला काही वाटत नाही, माणूसच नेते कोर्टात. साहेबांना दिसू दे. वकीलसाहेबांना फोन लावला, उचलला नाही. लावला दोनदा, मग सोडून दिलं.

हे कसेबसे कबूल झाले. "एकडाव. कोर्टासाठी." स्टँडवरचे रज्जाकभाई तीन ड्रायव्हर घेऊन येतो म्हणाले.

८ एप्रिल
चौघांनी ह्यांना तिरपं करून जिन्याच्या कडेनं काढलं, खुर्ची घडी करून डोक्यावरून. हे डोळे मिटून होते. दिगंबर वरून मोबाईलवर शूटिंग काढत होता. म्हटलं काढ मेल्या, तुलाच लाज वाटेल.

कोर्ट वरच्या मजल्यावर. ह्यांना खाली लिंबाच्या सावलीत बसवलं. मी दारातून हलले नाही. आतून सहीला बोलावलं तरी नाही. नाव पुकारलं तसं मी "हजर" म्हणाले, इतक्या जोरात की साहेबांनी मान वर केली.

मग दिगंबरचा वकील उठला. मोबाईल पुढं केला. म्हणाला, ज्यांना वाट नाही म्हणून दावा आहे ते गृहस्थ खाली खुर्चीत बसलेत. वाट नाही तर आले कसे? तशी नोंद घ्यावी. साहेब म्हणाले, घ्या.

लिहायला आज आत कोण, तर आमची खिडकी. माझ्याकडं एकदा बघितलं अन् खाली वाकून लिहिलं. वादीचे पती आवारात हजर.

मी ह्याच इमारतीत होते तेव्हा ह्याचा हात उठला नव्हता. ह्यांचं लिहायला किती वेळ लागला? पेनचं टोपणसुद्धा काढलेलंच होतं. रडले मी तिथंच, सगळ्यांसमोर.

वकीलसाहेब कोर्टाच्या जिन्यात खवळले. तुम्हाला आणायला सांगितलं कुणी? आता जागा बघायला कोर्टाचा माणूस येणार, मध्ये मे महिन्याची सुट्टी, म्हणजे जून धरा. तोवर ह्यांना उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. परत एक व्हिडिओ निघाला की अर्ज गेला समजा.

येताना रज्जाकभाईंनी स्टँडवर गाडी थांबवली. सगळे ड्रायव्हर गोळा झाले. ह्यांनी दोन कप चहा घेतला, कुणाच्या तरी क्लचचा आवाज ऐकून नावं ठेवली. किती महिन्यांनी हसताना बघितलं. मी कोर्टातलं काही बोलले नाही. विचारलं तर म्हटलं, तारीख पडली.

११ एप्रिल
रज्जाकभाई आले होते. चौदाला किती वाजता येऊ उचलायला?

मी तोंड उघडायच्या आत हेच बोलले. "चारला या. आता न्हाई लाज वाटत मला."

दिगंबर वर कठड्याला टेकून ऐकत होता. मोबाईल हातातच.

ह्यांनी पांढरा शर्ट काढायला सांगितला. काढला. खांद्याला सैल झालाय, थोडा आत घेतला, इस्त्री करून खिळ्याला लावला. दर थोड्या वेळानं तिकडं बघतात. अजून सांगितलं नाही.