वर्गातली रिकामी खुर्ची

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी मजेत आहे. प्रशिक्षणात चारचौघांसमोर बोलताना अजून आवाज कापतो, पण होईल सवय. तुमचा गुडघा कसा आहे?

काल वर्गात खोटंखोटं सरकारी ऑफिस मांडलं होतं. मी अर्जदार झाले आणि समोर खुर्ची रिकामी असूनही शेवटपर्यंत उभीच राहिले. सगळे हसले. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, बसली का नाहीस?"

मी म्हटलं, "आमचे बाबा ऑफिसात कधी बसत नाहीत. कुणी बसा म्हणतच नाही ना."

हसणं थांबलं. मग बाईंनी मला अधिकारी केलं. मी उठून खुर्ची पुढे ओढली, "बसा" म्हणाले आणि मगच अर्ज हातात घेतला. बाईंनी वर्गाला सांगितलं, "उद्यापासून सगळ्यांनी कामाची सुरुवात अशीच करायची."

बाबा, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

नेमणूक झाली की माझ्या ऑफिसात पहिले तुम्ही यायचं. आणि नेहमीसारखं "मी उभाच बरा" म्हणालात, तर मीही उभीच राहीन. मग अडू दे सरकारचं काम!

तुमची,
साहेब होऊ घातलेली लेक