मामांच्या तोंडावरचं तेज

दौंड, ता. १२ मार्च १९६२

तीर्थरूप मामांच्या पायांशी जावई हौशीरामाचा नमस्कार (पाय उचलण्याआधीच स्वीकारावा).

इकडे सर्व खुशाल. पुण्याच्या ऑपरेशनला अडीच महिने झाले, टाके नीट भरले ना? जेवण जातं का? डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच आहे ना? लघवीचा रंग कसा आहे? (जावयानं सासऱ्याला असलं विचारू नये हे मला कळतं, पण विचारतोच.)

कारण मामींनी मास्तरांकडून लिहवून घेतलेलं कार्ड काल आलं. "जावईबापूंचं बाटलीभर रक्त अंगात गेलं त्याचं आत्ता ह्यांच्या तोंडावर तेज आलंय, अंग सोन्यावानी पिवळं दिसतंय, आळीतल्या बाया बघून जात्यात." ते मी लोकोशेडमध्ये तीनदा वाचलं. मामा, ते तेज नव्हे. ती माझी कावीळ असावी.

रक्त घेण्याआधी पुण्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, कधी कावीळ झाली होती का? मागं मामी, तुमचे दोन्ही भाऊ आणि शिरूरचे निम्मे पाहुणे उभे. मी छाती काढून म्हणालो, "न्हाई." आता खरं सांगतो. सात वर्षांपूर्वी, लग्न चार दिवसांवर असताना मला कावीळ झाली. मुहूर्त मोडला असता तर तुम्ही सिंधूला पाबळच्या स्थळाला दिलं असतं (त्या स्थळाची थोरवी तुमच्या तोंडून मी अजून ऐकतो). म्हणून आईनं मला हळद दोन दिवस आधी लावली, आणि दोनदा लावली. काविळीची मंतरलेली माळ मुंडावळ्यांत दडवली. घास गिळत नव्हता, तर पोरगा लाजतोय म्हणाले. तुम्हीच मांडवभर सांगत होता, "पोराला हळद काय चढलीया बघा!" पुढं माळ लांबून छातीवर आली आणि कावीळ उतरली असं आईनं जाहीर केलं. आमच्याकडं उतरवलेली कावीळ झालेल्या काविळीत धरत नाहीत. मीही धरली नाही.

काल कार्ड घेऊन इथल्या डॉक्टरांकडं पळालो. ते म्हणाले, बरा झालेल्या माणसाच्या रक्तातही ती राहू शकते, दुसऱ्याच्या अंगात जाते आणि दोन-तीन महिन्यांनी वर येते. बाटलीकडं बघून काही कळत नाही, म्हणून देणाऱ्याला विचारतात. "माणूस खरं बोलतो, एवढीच आमची तपासणी," असं म्हणून ते माझ्याकडं बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सात वर्षं तुम्ही मला बिनकामाचा म्हणालात. बाटली दिल्यावर फेटा बांधलात, आग्रह करून वाढलंत. तो मान मला गोड लागला, खोटं कशाला बोलू? पण मामा, मला फार भीती वाटते. मला शिव्या घालायला तरी तुम्ही हवे आहात.

आपला अपराधी,
हौशीराम

ता. क. मामींना माळ आणायला धाडू नका. डॉक्टरांकडंच जायचं आहे.

आणखी ता. क. हे पत्र सिंधूनं वाचलं. अंतरपाट खाली आला तेव्हाच तिला माझे डोळे पिवळे दिसले होते म्हणे! ("अक्षता पडल्यावर काय बोलायचं?") पण पत्र तिनं टपालात टाकू दिलं नाही. "टपाल पोचंस्तवर माझ्या आबाचं काय व्हईल? जा, घिऊन या."

शेवटचा ता. क. हे एस.टी.त लिहितोय, अक्षर हलेल. नातवंडं आठवण काढतात असं सांगून तुम्हाला शिरूरला गाडीत बसवलं, ती थाप होती. तुमचे डोळे मी पाहिलेत, पिवळेच आहेत. न्हावरं मागं पडल्याशिवाय हे पत्र तुमच्या हातात देणार नाही. वाचून मध्येच उतरू नका. डॉक्टर दौंडला वाट बघतायत. मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर आहे आणि तुमची काठी माझ्यापाशी आहे. तुम्हाला तपासून झालं, की देतो.